कॅनडातून स्टॅम्पिंग होतंय काय? बेळगावातल्या आईबाबांसाठी थोडं सविस्तर

थेट उत्तर आधी देऊन टाकतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच पाहिजे असतंय. अमेरिकेत एच-वन-बी वर, म्हणजे तिथल्या कंपनीनं काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, काम करणारी आपली पोरं कॅनडात नाहीतर मेक्सिकोत जाऊन पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घेऊन यायची, तो रस्ता आता जवळजवळ बंद झालाय. ६ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं की टुरिस्ट, विद्यार्थी, नोकरीवाले असल्या सगळ्यांनी आपल्या नागरिकत्वाच्या देशात किंवा आपण राहतो त्या देशातच व्हिसाची मुलाखत द्यायची. दुसरीकडे कुठं अर्ज केला तर व्हिसा मिळणं अवघड जाईल आणि भरलेली फी काय परत मिळणार नाही, हे पण त्यातच लिहिलंय. त्यामुळं कुणाचा मुलगा किंवा मुलगी "आई, दोन दिवस टोरंटोला जाऊन येतो आणि मग लग्नाला येतो" म्हणत असेल तर त्याला आधी हे वाचायला सांगा.

मी डेट्रॉईटजवळ बरीच वर्षं हायड्रॉलिकच्या कंपनीत काम करून आता परत येऊन बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी करतोय. मी स्वतः कॅनडातून स्टॅम्पिंग करून घेतलेला माणूस, त्यामुळं गल्लीत कुणाच्या पोराचा व्हिसाचा विषय निघाला की मला फोन येतोच. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, अगदी निपाणीवरून पण फोन आलेत. शाळेत माझ्या पुढं असलेल्या एका ताईंनी विचारलं, "शिक्का संपलाय म्हणजे पोरगं तिथं चोरून राहूलंय काय रे?" त्यांचा आवाज एवढा घाबरलेला होता की तेव्हाच ठरवलं, हे एकदा नीट लिहून काढायचं.

नाही ताई, चोरून नाही राहत. ही एक गोष्ट कळली की अर्धी भीती जाते. पासपोर्टवरचा शिक्का हा फक्त विमानतळावर किंवा हद्दीवर "मला आत घ्या" असं म्हणण्यासाठी लागणारा कागद आहे. आत गेल्यावर किती दिवस राहायचं आणि कुणाकडं काम करायचं हे ठरतंय दुसऱ्या कागदांवर, म्हणजे आय-७९७ (कंपनीचा अर्ज मंजूर झाल्याचा कागद) आणि आय-९४ (कुठल्या तारखेपर्यंत राहता येतंय त्याची नोंद). एच-वन-बी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मंजूर होतो, एकूण सहा वर्षं, आणि ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला आय-१४० अर्ज मंजूर असला की त्याच्याही पुढं वाढत जातो. ही वाढ कंपनी तिथल्या तिथं अर्ज करून घेते, पोस्टानं नवा आय-७९७ येतो, त्याच्या खालीच नवा आय-९४ छापलेला असतो, आणि माणूस एकदम कायदेशीर राहतो, टॅक्स भरतो, घर घेतो. पण पासपोर्टवरचा शिक्का जुनाच, संपलेला. तो तिथं बसून वाढत नाही. म्हणजे घरी यायला त्याला कुणी अडवत नाही, विमानात बसलं की झालं. परत जाताना नवा शिक्का लागतो, आणि सगळा घोर त्या परत जाण्याचाच.

म्हणून पोरं कॅनडात जायची. आपल्याकडं आईबाबांना वाटतंय शेजारचा देश म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतली शिनोळी, बेळगावातली कितीतरी माणसं रोज सकाळी शिनोळीच्या कारखान्यात जातात आणि हद्द कधी ओलांडली ते कळत पण नाही. तसं ते अजिबात नाही. मी २०१८ मध्ये गेलो तेव्हा आधी आपल्या पासपोर्टवर कॅनडाचाच व्हिजिटर व्हिसा काढायला लागला, आज त्याची फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे वेगळे ८५. मग अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म ऑनलाइन भरायचा, तेव्हा १९० अमेरिकन डॉलर होते, २०२३ च्या जूनपासून २०५ झाले, आणि मग अपॉइंटमेंटची वाट बघत रोज सकाळी उठल्या उठल्या ती वेबसाइट उघडायची कारण तारीख कधी दिसेल आणि कधी जाईल त्याचा नेम नसायचा. तारीख मिळाल्यावर आम्ही दोघं गाडी काढून ॲम्बॅसडर ब्रिजवरून विंडसरला उतरलो आणि ४०१ हायवेनं टोरंटो. डेट्रॉईटवाल्यांना हे सोपं पडायचं, नदी ओलांडली की कॅनडा. टेक्सासमधल्या पोरांना तिकीट काढून जायला लागायचं.

टोरंटोचं कॉन्सुलेट युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर आहे. आत फोन नेता येत नाही, म्हणून बायको बाकीची कागदं आणि फोन घेऊन समोरच्या कॉफीच्या दुकानात बसली आणि मी फक्त फाईल घेऊन आत. ठसे झाले, रांग, मग काचेच्या पलीकडून प्रश्न. कंपनी काय बनवते, तुम्ही त्यात नेमकं काय करता, पगार किती, डिग्री कुठली. व्हीटीयू म्हटल्यावर त्या बाईनं विचारलं हे कुठं आलं, तर मी म्हटलं आमच्या गावातच, युनिव्हर्सिटीचं मुख्य ऑफिस बेळगावातच आहे. ती हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मंजूर म्हणाली. बाहेर येऊन बायकोला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पण फुटपाथवर उभं राहून रडलो, कारण त्या आधीची दोन वर्षं बाबांच्या डायलिसिसच्या काळात मी घरी जाऊ शकलो नव्हतो. जाऊ शकत होतो खरं तर, पण परत यायची खात्री नव्हती, आणि डायलिसिसचे पैसे त्या नोकरीतूनच येत होते.

माझं सरळ झालं पण सगळ्यांचं होत नव्हतं. आमच्याच कंपनीतल्या हुबळीकडच्या एका सहकाऱ्याला असंच कॅनडातल्या मुलाखतीत २२१-जी चा कागद हातात दिला. म्हणजे कायमचा नकार पण नाही आणि होकार पण नाही, आणखी तपासणी करायची आहे, थांबा. इंजिनिअरिंगमध्ये काही विषय असे आहेत की तिथं ते जास्त तपासतात. आता तो अडकला कसा ते बघा. एक नियम आहे, तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन आलं आणि आय-९४ चालू असला तर संपलेल्या शिक्क्यावर पण अमेरिकेत परत घेतात, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात त्याला. नायगारा पलीकडून बघून यायला हा नियम बरा. पण त्या दौऱ्यात तुम्ही नव्या व्हिसाचा अर्ज केला की हा नियम तुम्हाला लागू होत नाही, २००२ पासून तसं आहे. म्हणजे त्याच्याकडं मंजूर आय-७९७ होता, घर डेट्रॉईटला, गाडी डेट्रॉईटला, मुलगी तिथल्या शाळेत, आणि हा पुलाच्या पलीकडं कॅनडात हॉटेलात. शेवटी कॅनडाहूनच विमान पकडून हुबळीला आला आणि इथनं महिन्यांनी व्हिसा मिळाला. बायकोनं एकटीनं बर्फात सगळं सांभाळलं. त्या माऊलीचं मला आजही कौतुक वाटतं.

आता माझं मत सांगतो आणि ते मी मनापासून सांगतोय. हा सगळा त्रास गरजेचा नाही. २००४ पर्यंत अमेरिकेत बसूनच पासपोर्ट पोस्टानं सेंट लुईसला पाठवला की नवा शिक्का मारून यायचा. १६ जुलै २००४ ला ते अर्ज घेणं बंद केलं, कारण ९/११ नंतरच्या कायद्यानं व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि पोस्टात ठसे घेता येत नव्हते. तेव्हा ते कारण खरं होतं. पण आज ज्याचा व्हिसा रिन्यू करायचा आहे त्याचे ठसे त्यांच्याकडं आधीचेच असतात. आणि हे होऊ शकतंय ते त्यांनीच करून दाखवलंय, २९ जानेवारी २०२४ पासून वीस हजार एच-वन-बी वाल्यांसाठी प्रयोग म्हणून देशातल्या देशात रिन्यूअल चालू केलं, निम्म्या जागा ज्यांचा आधीचा शिक्का कॅनडातला होता त्यांना आणि निम्म्या भारतातून घेतलेल्यांना. नंतर ते पुढं नेलं नाही. आता नवीन नियम म्हणतो राहत्या देशात अर्ज करा, आणि आपल्या पोरांचा राहता देश अमेरिका, पण अमेरिकेत शिक्का मिळत नाही, मग उरला फक्त भारत. ज्या माणसाची कंपनी, पगार, टॅक्स, सगळं तिथल्या सरकारला आधीच माहीत आहे, त्याला सात समुद्र ओलांडून मुलाखतीला पाठवायचं हे मला पटत नाही. सेंट लुईससारखी सोय परत पाहिजेच.

बरं, ती होईपर्यंत काय करायचं. भारतात दिल्लीची एम्बसी आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद ही कॉन्सुलेटं, एवढ्या ठिकाणी व्हिसाची मुलाखत होते. बंगळूरला जानेवारी २०२५ मध्ये कॉन्सुलेटचं उद्घाटन झालं म्हणून बरेच जण मला विचारतात, पण उद्घाटन झालं तेव्हा तिथं व्हिसाचं काम सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळं बंगळूर धरून तिकीट काढू नका, आधी वेबसाइट बघा. आम्ही कर्नाटकातले म्हणून चेन्नईलाच जायला पाहिजे असं काही नाही. बेळगावकरांना मुंबईच बरी पडते, सांबऱ्याहून विमान आहे, रात्रीची बस आहे, आणि मुंबईत कुणाचा ना कुणाचा पाहुणा असतोच. फक्त ठसे आणि फोटो आधीच्या एका दिवशी वेगळ्या सेंटरला आणि मुलाखत नंतर बीकेसीत, हे लक्षात ठेवून राहायचं बघा.

आधी जुना शिक्का असला की मुलाखत न देता कागद टाकून काम व्हायचं, ड्रॉपबॉक्स म्हणायचे. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-वन-बी वाल्यांना ते नाही, समोरासमोर मुलाखत द्यायलाच पाहिजे. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि त्यांच्या बायकामुलांचा एच-फोर, दोन्हीसाठी सोशल मीडिया तपासायला चालू केलंय, अकाउंट पब्लिक ठेवा म्हणतात. त्या पायी भारतातल्या डिसेंबरच्या कितीतरी मुलाखती मार्चपर्यंत आणि त्याच्याही पुढं ढकलल्या. ख्रिसमसच्या सुट्टीत म्हणून आलेली पोरं इथंच राहिली. खानापूर तालुक्यातला एक जण तर तीन आठवड्याची रजा घेऊन आला होता, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, आणि आता गावातल्या घराच्या माळ्यावर नेट लावून रात्री लॅपटॉपवर बसतोय, कंपनीनं तेवढी परवानगी दिली म्हणून. सगळ्या कंपन्या देत नाहीत, टॅक्सचा आणि डेटाचा प्रश्न असतो. म्हणून येण्याआधी मॅनेजरला आणि एचआरला एकच प्रश्न लेखी विचारून घ्या, अडकलो तर तिथून काम करू देणार काय आणि किती दिवस.

एच-वन-बी वरच्या एक लाख डॉलर फीचं ऐकून पण आईबाबा घाबरलेत. ते सप्टेंबर २०२५ चं आहे, नव्या पिटिशनसाठी, म्हणजे कंपनी सरकारकडं जो अर्ज करते त्यासाठी. ज्याची पिटिशन आधीच मंजूर आहे आणि फक्त शिक्का घ्यायचा आहे त्याला ते लागत नाही.

कागदांचं मात्र आपल्या भागात जरा जास्त बघायला लागतंय. आपली जन्माची नोंद कर्नाटकात, दाखला कन्नडमध्ये, शाळा मराठी, आणि लग्न कोल्हापूरला नाहीतर चंदगडला झालं असलं तर मॅरेज सर्टिफिकेट मराठीत. काचेच्या पलीकडच्या माणसाला एका घरची कागदं दोन भाषांत का हे कळायचं काही कारण नाही. त्यामुळं इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर करून मूळ कागदाला जोडून ठेवा, विशेष करून बायकोच्या एच-फोरसाठी लग्नाचं. जन्मगावाचं पण तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं, त्यामुळं एकाच घरात बापाच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि पोराच्या पासपोर्टवर दुसरं असतंय. डीएस-१६० मध्ये आपल्या पासपोर्टवर जे छापलंय तेच जसंच्या तसं भरा, मनात कुठलंही नाव असू दे.

ज्या ताईंनी विचारलं होतं त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे आणि त्या मुलीचा भाऊ तिकडं अमेरिकेत ओहायोला. मी त्यांना सांगितलं की लग्नाची तारीख धरून व्हिसाची तारीख शोधू नका, उलटं करा, आधी मुंबई, हैदराबाद, चेन्नई जिथं मिळेल तिथं अपॉइंटमेंट धरू दे, आणि ती तारीख लग्नाच्या आधीची असू दे म्हणजे हळदीला त्याच्या डोक्यात दुसरं काही राहणार नाही. आणि नाहीच मिळाली तर दोन बाजू समोर ठेवून त्यालाच ठरवू दे, त्याच्यावर रडून दबाव टाकू नका, नाही आला म्हणून त्याचा बहिणीवरचा जीव कमी नाही. ताई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तूच बोल की त्याच्याशी, माझं तो ऐकूलाय पण मला सांगायला जमना." काल रात्री तासभर बोललो. त्याला हैदराबादची एप्रिलची तारीख दिसतेय, आय-७९७, गेल्या काही महिन्यांच्या पे-स्लिपा आणि कंपनीचं पत्र एवढं तयार आहे, रजेचं मॅनेजरला या आठवड्यात विचारतोय. कुणाला अशीच अडचण असेल तर मला नक्की लिहा, कागद बघून देण्याएवढा वेळ माझ्याकडं आहे.