नाशिकची नववी आणि अमेरिकन कॉलेजचा बास्केटबॉल संघ

मुलीची उंची बरी असेल, डावा हात उजव्याइतकाच चालत असेल आणि क्लबचा संघ जुलैतल्या योग्य स्पर्धांना जात असेल, तर कॉलेजचे कोच तिला शोधत येतात. हायलाइटचा व्हिडिओ, कोचना ईमेल, कॅम्प यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं, ते मी सोडून देते. आमचं घोडं अडलं ते नववीच्या निकालापाशी. त्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही, म्हणून हा खटाटोप.

लेकीची नववी नाशिकला, राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत झाली. मग नवऱ्याच्या एच-वनवर आम्ही न्यू जर्सीला आलो आणि दहावीपासून पुढचं शिक्षण इथल्या हायस्कूलमध्ये. इथे कॉलेजच्या खेळांची संघटना, एनसीएए, कॉलेजांची तीन डिव्हिजनमध्ये विभागणी करते. कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा तिच्यापुढे तीन पर्याय होते: लांबच्या राज्यातलं डिव्हिजन वनचं, गाडीनं जाता येईल असं डिव्हिजन टूचं, आणि घराजवळचं, अभ्यासात नाव असलेलं डिव्हिजन थ्रीचं. यातला पहिला पर्याय खरा की नुसता बोलण्यापुरता, ते ठरवणार होता नाशिकचा निकाल.

डिव्हिजन वनला पहिल्या वर्षापासून खेळायचं तर हायस्कूलचे १६ कोअर कोर्स, म्हणजे पात्रतेसाठी धरले जाणारे मुख्य विषय, लागतात: ४ इंग्रजी, ३ गणित (अल्जिब्रा वन किंवा त्यावरचं), २ विज्ञान, या तिन्हींपैकी आणखी १, २ सामाजिक शास्त्रं आणि उरलेले ४ यातलेच किंवा परकीय भाषा वगैरे. त्यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) किमान २.३. एसएटीची अट २०२३ पासून नाही. इथवर सगळ्या पालकांना माहीत असतं. माहीत नसतो तो दहा-सातचा नियम. सोळापैकी १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण पाहिजेत आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञान यांतलेच हवेत. शिवाय त्या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात. बारावीत तोच विषय पुन्हा घेऊन ग्रेड सुधारता येत नाही.

आता हिशोब करा. दहावीत इंग्रजी, जॉमेट्री, बायॉलॉजी, इतिहास, स्पॅनिश. अकरावीत इंग्रजी, अल्जिब्रा टू, केमिस्ट्री, अमेरिकेचा इतिहास, स्पॅनिश. बरोबर १० झाले. पण इंग्रजी-गणित-विज्ञान मिळून ६. सातवा कुठून आणणार? नाशिकच्या नववीतून. एकूण सोळाचंही तेच. तीन वर्षांत पाच-पाच धरले तरी १५, सोळावा नववीचाच. भारतातून दहावीत आलेल्या मुलीची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच असते, आणि आल्या आल्या तिला वर्षभर ईएसएलमध्ये (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजीच्या वर्गात) बसवलं असेल तर आणखी कठीण, कारण ईएसएलचा वर्ग शाळेच्या मंजूर यादीत नसेल तर इंग्रजी म्हणून धरत नाहीत. प्रत्येक हायस्कूलची कोअर कोर्सची यादी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या कचेरीच्या) संकेतस्थळावर उघड असते. विषय निवडायच्या आधी ती बघा. कोर्सचं नाव यादीत जसं आहे तसंच ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, पाहिजे.

हे मी इथल्या शाळेच्या काउन्सेलरना समजावायला गेले. इथल्या शाळेनं प्रवेशाच्या वेळी नववीची प्रत बघून ट्रान्सक्रिप्टवर एका ओळीत ‘ट्रान्सफर क्रेडिट’ असं लिहून टाकलं होतं. काउन्सेलरबाईंचं म्हणणं, ‘क्रेडिट दिलंय, विषय संपला.’ विषय अजिबात संपत नाही. एका शाळेचे ग्रेड दुसऱ्या शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरून सेंटर घेत नाही. मुलगी जिथे जिथे नववीपासून पुढे शिकली, त्या प्रत्येक शाळेचे स्वतःचे कागद हवेत, मूळ भाषेत, आणि सोबत ओळीला ओळ लावून केलेलं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. बाहेरच्या एजन्सीकडून पैसे मोजून मार्कांचं जीपीएत रूपांतर करून घेऊ नका, सेंटर आपलं आपण करतं. तो नियम छापून त्यांच्या टेबलावर ठेवला तेव्हा कुठे बाईंनी मान डोलावली, आणि वर म्हणाल्या, मग ते तुम्ही तुमच्या देशातूनच मागवा.

‘आमच्या देशातल्या’ शाळेचं ऑफिस अकराला उघडतं. तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजलेला असतो, हिवाळ्यात साडेबारा. फोनवरच्या क्लार्कचं उत्तर ठरलेलं: ‘ताई, नववीचं कोण मागतं? दहावीचं असेल तर बोला.’ त्यांचंही खोटं नाही. दहावीची गुणपत्रिका बोर्डाची, ती हरवली तरी दुसरी प्रत निघते, अलीकडची डिजिलॉकरमध्येही असते. नववीचा निकाल मात्र शाळेचा अंतर्गत. मंडळाकडे त्याची नोंद नसते. पालकाच्या हातात पडतं ते प्रगतिपुस्तक, आणि शाळेकडे राहतं ते वर्गाचं निकालपत्रक. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मार्क नसतात, बोनाफाईडवरही नसतात. त्यामुळे ‘एलसी दिली ना, अजून काय पाहिजे?’ या प्रश्नाला एकच उत्तर: विषयवार गुण, शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीनं.

प्रगतिपुस्तक आमच्याकडे होतं. पण त्यावरचा गोल निळा शिक्का नेमका विज्ञानाच्या गुणांवर बसलेला. स्कॅनमध्ये ६८ की ८८, काही कळत नव्हतं. आकडे देवनागरी, शेवटी शेरा ‘वरच्या वर्गात बसण्यास पात्र’. वर्गशिक्षिकेची सही होती, मुख्याध्यापकांच्या जागी नुसता सहीचा रबरी शिक्का. असा कागद पाठवला तर परत येणार हे उघड होतं. माझ्या भावाला शाळेत पाठवलं. फोनवर हे काम होत नाही, कुणीतरी समोर जाऊन बसावंच लागतं. जाताना त्याच्याकडे दाखल्याची झेरॉक्स होती, कारण जनरल रजिस्टर नंबर त्यावरच असतो आणि तो सांगितल्याशिवाय कपाट उघडत नाही. मुलीचा अर्ज आणि भावाच्या नावे अधिकारपत्रही दिलं होतं. तरी ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘ती बाई रजेवर आहे’, ‘निकालपत्रकं वरच्या मजल्यावर आहेत, किल्ली नाही’ हे सगळं झालंच. किल्ली होती. क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये.

शाळेकडून काय लिहून घ्यायचं ते नीट सांगते, कारण ‘नववी पास आहे’ अशा एका ओळीचं पत्र देऊन बोळवण करतात. पत्रात मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जनरल रजिस्टर नंबर, शैक्षणिक वर्ष (जून ते एप्रिल असं स्पष्ट), प्रत्येक विषय, मिळालेले गुण आणि पैकी गुण, उत्तीर्ण होण्याची मर्यादा ३५. गणिताचे भाग १ आणि २ अंकगणित-बीजगणित-भूमिती असे उलगडून लिहायला सांगा. नुसतं ‘गणित’ वाचून समोरच्याला कळत नाही की आपल्या नववीत बीजगणित असतं. सेमी-इंग्रजी असेल तर ‘गणित व विज्ञान इंग्रजी माध्यमातून’ हे वाक्यही हवं. शाळा इंग्रजीत पत्र द्यायला तयार असेल तर उत्तम, पण सोबत मूळ निकालपत्रकाची साक्षांकित प्रत घ्याच, आणि तिचं भाषांतर तिऱ्हाईताकडून करून घ्या. आईनं केलेलं भाषांतर कितीही अचूक असलं तरी उपयोगाचं नाही.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. इथल्या शाळेत वडिलांचं नाव गायब. सेंटरचं खातं पासपोर्टप्रमाणे उघडा आणि नाशिकच्या पत्रातच ‘ही तीच विद्यार्थिनी’ असं पासपोर्टवरचं नाव देऊन लिहून घ्या. नंतर त्यासाठी परत शाळेत जाणं म्हणजे पुन्हा ती किल्ली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. प्रवेश घेताना इथल्या शाळेनं लेकीला परत नववीत बसवायचं सुचवलं होतं, आणि क्लबच्या कोचनं तर आनंदानं उचलून धरलं: एक वर्ष जास्त, दोन इंच जास्त. बास्केटबॉलमध्ये असं मागे बसणं इथे सर्रास चालतं. नववी भारतात करून येत असाल तर हे करू नका. डिव्हिजन वनचं घड्याळ पहिल्यांदा नववीत बसलात तेव्हा सुरू होतं, मग ती नववी नाशिकची का असेना. तिथून चार वर्षांत १६ कोर्स, वेळेवर पास झाल्यास नंतर एखादा. पुन्हा नववी केली तर इथली बारावी पाचवं वर्ष ठरते, आणि तिथले कोर्स मोजणीबाहेर जातात. डिव्हिजन टूला ही चार वर्षांची अटही नाही आणि दहा-सातही नाही.

कागद खात्यात गेले तरी लगेच काही हलत नाही. कुठल्यातरी डिव्हिजन वन किंवा टूच्या कॉलेजनं मुलीचं नाव आपल्या यादीत घातल्याशिवाय सेंटर अंतिम निर्णय देत नाही. आणि कोच म्हणतात, आधी तुमचं क्लिअर होऊ द्या. यावर उपाय एकच: कोचशी न बोलता कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसशी (एनसीएएचे नियम सांभाळणाऱ्या ऑफिसशी) बोलायचं. यादीत नाव घालणं त्यांचं काम, त्यानं कॉलेजही बांधलं जात नाही आणि तुम्हीही नाही. आमचं काम डिव्हिजन टूच्या कम्प्लायन्स ऑफिसनं केलं, तेही एका ईमेलवर. मोठ्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, कॉलेजकडून उत्तर यायला वेळ लागला, आणि मुलगी हवी आहे म्हणणाऱ्यांची ही तऱ्हा मला तेव्हाच खटकली होती. दहा-सात हुकलं असतं तर तिला ‘अकॅडमिक रेडशर्ट’ म्हणून घेता आलं असतं: शिष्यवृत्ती मिळते, पहिल्या सत्रात सराव करता येतो, वर्षभर सामना खेळता येत नाही. हे कोच आपण होऊन सांगत नाहीत. विचारा.

निकाल आमच्या बाजूनं लागला. नववीचं गणित धरलं गेलं.

आणि एवढं सगळं करून लेकीनं निवडलं डिव्हिजन टू. हसा खुशाल. तिला नर्सिंग करायचंय, आणि मोठ्या कॉलेजच्या कोचनी दुसऱ्या वर्षाच्या क्लिनिकल्सबद्दल (हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाबद्दल) विचारल्यावर ‘आपण बघू’ म्हटलं. हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस सुट्टी ही मर्यादा कागदावर आहे, पण प्रवासाचे तास त्यात धरत नाहीत, आणि सामन्याचा अख्खा दिवस ३ तास म्हणून धरतात. म्हणून कोचना गोड प्रश्न विचारत बसू नका. तुमच्या संघात आत्ता या शाखेच्या किती मुली आहेत, तेवढंच विचारा. दुसरा प्रश्न: तिच्या जागेवर खेळणाऱ्या किती जणी परत येतायत आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) किती घेणार? पोर्टलमुळे हायस्कूलच्या मुलींच्या जागा आटल्यात, कारण कोचना तयार, वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडू आयत्या मिळतात.

‘फुल राईड’ (सगळा खर्च देणारी शिष्यवृत्ती) हा शब्द ऐकून हुरळू नका. पूर्वी डिव्हिजन वनच्या महिला बास्केटबॉलमध्ये शिष्यवृत्ती म्हणजे पूर्णच असायची. खेळाडूंच्या खटल्यातल्या २०२५ च्या तडजोडीनंतर, ती मानणाऱ्या कॉलेजांत १५ जणींचा संघ आणि शिष्यवृत्ती अर्धीमुर्धीही देता येते. त्याच तडजोडीनं कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, पण एच-फोरवरच्या (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना काम करायची परवानगी नसते, तेव्हा तसले करार इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय हातातही घेऊ नका. डिव्हिजन थ्रीला खेळाची शिष्यवृत्ती नाहीच. तिथल्या कोचनी दाखवलेलं ‘पॅकेज’ फाफ्सा नावाचा अर्ज भरून मिळणाऱ्या सरकारी मदतीवर उभं होतं, आणि एच-फोरवाल्यांना ती मदत मिळत नाही. ते आकडे काढून टाकल्यावर घराजवळचं कॉलेज सगळ्यात महाग निघालं. डिव्हिजन टूला खेळाची अर्धी आणि गुणवत्तेची वेगळी, अशा दोन्ही मिळाल्या. तोंडी ऑफरला काही किंमत नाही, आणि नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला कॉलेजशी बांधणारं पत्र) २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झालं, आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. तो किती वर्षांचा आहे आणि उन्हाळी सत्राचा खर्च कोण देणार, हे दोन रकाने आधी वाचा.

ऑफिशियल व्हिजिटला (कॉलेजनं स्वखर्चानं बोलावलेल्या भेटीला) कॉलेज दोन रात्रींचा खर्च देऊ शकतं, आईवडिलांचाही. तेव्हा प्रशिक्षकांच्या जेवणाला एकदा नाही म्हणून मेसमध्ये जेवा. शाकाहारी मुलीला चार वर्षं तिथे काय मिळणार ते तिथेच कळतं.

अंतिम अ‍ॅमॅच्युरिझम सर्टिफिकेशनची (मुलगी व्यावसायिक खेळाडू नाही या दाखल्याची) विनंती बारावीच्या वर्षी १ एप्रिलपासून करता येते. ती आपणच खात्यात जाऊन करायची असते. जूनमध्ये पास झाल्यावर इथल्या शाळेनं अंतिम ट्रान्सक्रिप्ट पाठवायचं, त्यावर हायस्कूल पूर्ण केल्याची तारीख छापलेली पाहिजे. ती नसली तर फाईल तशीच पडून राहते, आणि उन्हाळ्यात काउन्सेलर भेटत नाहीत. नाशिककडचे कागद राहिले असतील तर एप्रिलच्या मध्यापर्यंत हातात घ्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी, ऑफिस उघडं असलं तरी सही करणारे मुख्याध्यापक गावाला, आणि मग थेट १५ जूननंतर.