आयपीसमधला ठिपका

अकोले तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी आठवड्यातून एकदा संध्याकाळी आकाशदर्शनाचा वर्ग घेतो. सातवी-आठवीची पोरं तिथंच राहतात, म्हणून रात्रीचा वर्ग जमतो. त्या दिवशी माघातली शुक्ल अष्टमी होती, मी मुद्दाम अष्टमीच धरली होती, कारण टेलिस्कोप म्हटलं की सगळ्यांना पौर्णिमा हवी असते आणि पौर्णिमेला चंद्रावरचे डोंगर-खड्डे जवळजवळ गायबच होतात, ऊन समोरून पडतं, सावल्याच नाहीत, नुसता पांढराफटक गोळा. अर्ध्या चंद्रावर उजेड संपून अंधार सुरू होतो ना, त्या रेषेवर ऊन तिरपं पडतं आणि छोटा खड्डा पण केवढा खोल दिसतो!

माझ्याकडं ६ इंची आरशाचा डॉब्सोनियन, म्हणजे हातानं वळवायचा साधा टेलिस्कोप आहे, फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, म्हणजे १० मिमीचा आयपीस, डोळा लावायचं भिंग, लावला की १२० पट मोठं दिसतं. मोटर नाही. पृथ्वी फिरते तशी समोरची जागा दीडेक मिनिटात नजरेबाहेर जाते, त्यामुळे दर पोरामागं नळी हातानं थोडी सरकवावी लागते. त्यात चंद्र अगदी डोक्यावर आला होता, तिथं डॉब्सोनियन वळवायला फार त्रास देतो. शिवाय आरशातून सगळं उलटं दिसतं, उत्तर खाली, हे आधी समजावून सांगितलं. मग 'समुद्र' दाखवायला सुरुवात केली, शांतिसागर, प्रसन्नतासागर, ते समुद्र म्हणजे पाणी नाही, लाव्हा थिजून झालेली मैदानं आहेत वगैरे.

आठवीतली एक मुलगी स्टुलावर चढली आणि बराच वेळ उतरेचना. मग म्हणाली, "सर, अंधारात पांढरा ठिपका आहे. एकटाच."

मी म्हटलं आयपीसवर धूळ असेल. लाईन मोठी होती, मला पुढच्या पोरांना घ्यायचं होतं. ती तिथूनच म्हणाली, "धूळ नाय सर. चंद्र सरकतो तसा तो पण त्याच्यासंगं चाललाय."

मी गप्पच झालो. धूळ असती तर एका जागी राहिली असती आणि चंद्र तिच्यामागून सरकला असता. तरी आयपीस गोल फिरवून पाहिला, ठिपका जागचा हलला नाही. मग स्वतः डोळा लावला. चंद्रावरची ॲपेनाइन पर्वतरांग होती ती, उजेडाच्या कडेपासून सुटून अंधारात चमकणारं एक शिखर. तिथले सगळ्यात उंच डोंगर ५ किलोमीटरच्या वर आहेत, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या तिप्पट.

मी पोरांना विचारलं, आजूबाजूला अंधार आणि हा एकटाच का उजळलाय? दोघं-तिघं म्हणाले बर्फ असेल. तीच मुलगी परत बोलली, तिचं घर कळसूबाईच्या पायथ्याला आहे. "पहाटे आमच्याकडं अंधारच असतो, पण वर देवळापाशी ऊन आलेलं असतं. तिथं आता सकाळ होतीय."

समुद्रांची नावं मी तिथंच सोडून दिली. पोरांना सांगितलं की गॅलिलिओनं १६०९ मध्ये याच्यापेक्षा कितीतरी लहान दुर्बिणीतून हेच ठिपके पाहिले होते, ते हळूहळू मोठे होऊन उजेडाला मिळतात हेही पाहिलं होतं, आणि ठिपका कडेपासून किती लांब आहे त्यावरून डोंगराची उंची काढली होती. तिथला दिवस-रात्र मिळून साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे ऊन फार सावकाश पुढं जातं, चंद्राच्या विषुववृत्तावर तासाला साधारण १५ किलोमीटर. "म्हणजे सायकलवरून पुढं पळालं तर सूर्य उगवणारच नाही?" एका पोरानं विचारलं. नाहीच उगवणार, मी म्हटलं, आणि मग बराच वेळ सगळे त्या सायकलवरच बोलत होते.

मुलीनं वहीत वेळ टाकून चित्र काढलं, ७:२०. मग ७:५० ला, मग साडेआठला. जेवणाची घंटा होऊन गेली होती, स्वयंपाकाच्या मावशी दोनदा हाक मारून गेल्या, पण मी कुणाला हलवलं नाही. शेवटच्या चित्रात ठिपक्याची आडवी रेघ झाली होती आणि तिच्या पलीकडं, आणखी आत अंधारात, आधी नसलेला एक बारीक ठिपका होता. मी जाऊन पाहिलं, होता.