माझा अनुभव : राज्याचा हिशेबनीस निवडताना

२०२२ च्या सुरुवातीला मी अमेरिकेची नागरिक झाले. शपथविधी संपल्यावर लगेच मतदार नोंदणीचा फॉर्म भरला आणि मे महिन्यात पहिली मतपत्रिका टपालाने घरी आली. कॅलिफोर्नियात आता नोंदणी केलेल्या प्रत्येक मतदाराला ती घरपोच येते. गव्हर्नरपदाचं काम मला माहीत होतं. पण खाली ‘कंट्रोलर’ असा एक रकाना होता, सहा उमेदवारांचा, आणि त्यानंतर ‘ट्रेझरर’चा वेगळा रकाना. दोघंही पैशाचंच बघणार, मग दोन पदं कशाला?

सोलापूरला अप्पांना फोन लावला. त्यांचं सगळं आयुष्य एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेलं. मतदारांच्या माहितीपुस्तिकेतलं मी त्यांना मराठीत सांगत गेले. ट्रेझरर राज्याचा पैसा गुंतवतो, कर्जरोखे काढतो. कंट्रोलर देणी तपासून चेक काढतो, सरकारी नोकरांचे पगार देतो, खर्चाचं ऑडिट करतो. अप्पांना क्षणात उमगलं. “म्हणजे एकाकडं तिजोरी आणि दुसऱ्याकडं खतावणी. बरोबर आहे, दोन्ही एकाच्या हातात द्यायचंच नसतं.” मग म्हणाले, “पण हिशेबनीस मतदानानं निवडतात?”

त्यांचं नवल मला समजत होतं. भारतात कॅगची नेमणूक राष्ट्रपती करतात, त्यांना कुणी प्रचार करताना पाहिलेलं नाही. मलाही आधी हे खटकलं. पण विचार करताना पटत गेलं की गव्हर्नरने नेमलेला माणूस गव्हर्नरच्या खर्चावर बोट ठेवायला कचरेल. लोकांनी निवडलेल्याला तो घरी बसवू शकत नाही. शिवाय मी सरकारी शाळेत साहाय्यक आहे, माझं पेन्शन कॅलपर्सकडे, म्हणजे राज्याच्या सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाकडे आहे आणि कंट्रोलर त्या मंडळावर पदसिद्ध सदस्य असतो. तेव्हा हा रकाना कोरा सोडणं मला शक्यच नव्हतं.

तेव्हाच्या कंट्रोलर बेटी यी यांच्या दोन मुदती संपत आल्या होत्या, तिसरी मिळत नाही. रिंगणात चार डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन आणि ग्रीन पक्षाच्या एक उमेदवार. तीन संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून सगळ्यांची निवेदनं वाचली. मी रॉन गॅल्परिन यांना मत दिलं, कारण लॉस एंजेलिस शहराचे कंट्रोलर म्हणून ते हेच काम करत होते. लिफाफ्यावर सही करून पेटीत टाकला आणि मन भरून आलं.

आठवड्याभराने काउंटीचं पत्र आलं : तुमची सही नोंदणीशी जुळत नाही. पोटात गोळा आला. मग आठवलं, नोंदणीच्या फॉर्मवर मी इंग्रजीत सही केली होती आणि लिफाफ्यावर मराठीत. बँकेत, पासपोर्टवर, आयुष्यभर मी मराठीतच सही करत आले, हात आपोआप तसा वळला. सोबतच्या फॉर्मवर, ‘मत मीच दिलं आहे’ या मजकुराखाली नोंदणीसारखी सही करून त्याच दिवशी परत पाठवलं. वेळेत पोचलं, मत मोजलं गेलं. नव्याने नागरिक झालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : नोंदणीच्या वेळी कोणती सही केली ते लिहून ठेवा, आणि काउंटीचं पत्र आलं तर एक दिवसही घालवू नका.

गॅल्परिन पुढे गेले नाहीत. ही प्राथमिक फेरी होती, आणि इथे तिच्यातून पक्ष कोणताही असो, पहिले दोघेच नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीला उरतात. लानही चेन यांना सुमारे ३७ टक्के मतं होती आणि मालिया कोहेन यांना सुमारे २३. चेन एकटेच रिपब्लिकन, त्यामुळे ते पहिले आले, डेमोक्रॅटांची मतं चौघांत वाटली गेली. ८ नोव्हेंबरला चित्र पालटलं, कोहेन सुमारे ५५ टक्के मतांनी जिंकल्या. हिशेबाचं पद आणि शेवटी निकाल पक्षाच्या नावावर, याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पुढच्या वर्षी राज्याच्या कराचा परतावा चेकने आला. खाली कंट्रोलर म्हणून कोहेन यांची सही. अप्पांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून नीट बघितला आणि विचारलं, “आणि हिच्या वह्या कोण तपासतं?”