रिस्कप्रमाणे क्यूसी प्लॅन बसवताना आलेला माझा अनुभव

आमच्या लॅबमध्ये आधी क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर आकडे देतंय का याची तपासणी, एवढीच होती: सकाळी कंट्रोलच्या (उत्तर आधीच माहीत असलेल्या सॅम्पलच्या) दोन लेव्हल लावायच्या, २एसडीच्या (सरासरीपासून दोन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) आत आल्या की पेशंटचे सॅम्पल सुरू. सोडियम असो नाहीतर एएलटी (लिव्हरची टेस्ट), सगळ्यांना एकच नियम. मग मेडिकल लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकाची २०२२ ची आवृत्ती आली, तिच्यात रिस्कवर भरपूर भर, आणि प्लॅन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ईपी२३ या गाइडलाइनपासून केली. सॅम्पल, मशीन, रीएजंट (टेस्टची रसायनं), आजूबाजूचं वातावरण आणि काम करणारी माणसं, या पाच ठिकाणी काय काय बिघडू शकतं ते लिहायचं. मी मॅन्युअल घेऊन टेबल भरत बसले होते पण खरा मसाला मिळाला तो नाइटवाल्या टेक्निशियनकडून. फ्रीजमधून काढलेलं कंट्रोल नीट रूम टेम्परेचरला येऊ न देता, न हलवता लावलं जातं हे कुठल्या मॅन्युअलमध्ये असतं का? त्यानेच विचारलं, "मॅडम, कंट्रोल आत आलं म्हणून पोटॅशियम बरोबर असं कुठंय, सॅम्पलच हिमोलाइज झालं असेल तर?" बरोबरच होतं त्याचं, सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटल्या (हिमोलाइज झालं) की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. तिथे कंट्रोल कितीही वेळा लावा, उपयोग शून्य, त्यामुळे त्या ओळीपुढे क्यूसी न लिहिता हिमोलिसिस इंडेक्सची (पेशी किती फुटल्यात ते सांगणाऱ्या आकड्याची) लिमिट आणि सॅम्पल परत मागवायचा नियम लिहिला.

टेबलात गंभीरता, किती वेळा होतं आणि पकडता येतं का, या तिघांना आकडे देऊन गुणाकार करायचा असतो. मला तो गुणाकार अजून पटत नाही. ५ गुणिले १ गुणिले ४ म्हणजे २० आणि २ गुणिले ५ गुणिले २ म्हणजेही २०, पण पहिल्यात पेशंटच्या जिवावर बेतू शकतं आणि दुसऱ्यात फार तर रिपोर्टला उशीर होईल. म्हणून आम्ही गंभीरता ५ असलेल्या ओळी आधी बाजूला काढल्या, बेरीज गुणाकार नंतर.

मग प्रत्येक टेस्टचा सिग्मा, म्हणजे टेस्ट किती भरवशाची ते सांगणारा आकडा, काढला. चालू शकणाऱ्या एररमधून बायस (खऱ्या आकड्यापासून नेहमी पडणारा फरक) वजा करायचा आणि सीव्हीने (परत परत मोजल्यावर आकडा किती टक्के हलतो त्याने) भागायचं, एवढंच आहे ते. एएलटीला १५ टक्के धरले, बायस २, सीव्ही २, सिग्मा ६.५ आला. सोडियमला ४ मिलिमोल म्हणजे १४० ला साधारण २.९ टक्केच मिळतात, त्यातून बायस ०.५ गेला आणि सीव्ही ०.८ असला की सिग्मा ३ च्या आसपास. मशीन तेच, पण दोन टेस्टमध्ये एवढा फरक! एएलटीला १-३एस नियम (एक कंट्रोल ३एसडीबाहेर गेलं की थांबायचं) पुरला. सोडियमला २-२एस (दोन कंट्रोल एकाच बाजूला २एसडीबाहेर), आर-४एस (दोन कंट्रोलमध्ये ४एसडीपेक्षा जास्त अंतर) वगैरे सगळे लावले आणि कंट्रोलही जास्त वेळा. दोन लेव्हल असताना २एसडीला थांबलं तर सगळं ठीक असूनही साधारण ९ टक्के वेळा रन नाकारला जातो, आणि त्यातूनच "परत लाव, येईल आत" ही सवय लागते, जी माझ्या मते सगळ्यात मोठी रिस्क आहे.

वाद खरा झाला तो कंट्रोल कधी लावायचं यावर. सकाळी कंट्रोल झालं, दुपारी मशीनचे आकडे सरकले, तर कळणार दुसऱ्या दिवशी सकाळी, तोवर दिवसभराचे रिपोर्ट गेलेले. पॅथॉलॉजिस्ट सरांचं म्हणणं होतं की दोन कंट्रोलच्या मधले रिपोर्ट रोखून ठेवा. पण आयसीयूचं पोटॅशियम कोण रोखणार? शेवटी ठरलं ते असं, की ज्या टेस्टवर लगेच उपचार होतात त्यांना तासांवर नाही तर सॅम्पलच्या संख्येवर कंट्रोल लावायचं. कंट्रोल फेल झालं तर मागचे सॅम्पल परत तपासून फोन करता येतील एवढीच ती संख्या ठेवायची. कॅलिब्रेशन, नवा लॉट किंवा मोठं मेंटेनन्स झालं की मात्र संख्या न बघता लगेच. खर्चाचा प्रश्न निघालाच, पण एएलटीसारख्या टेस्टचे रिपीट कमी झाले म्हणून फार ताणला गेला नाही.

आता दर महिन्याला दुरुस्त करून पाठवलेले रिपोर्ट, ईक्यूएचे (बाहेरच्या संस्थेने तपासायला पाठवलेल्या सॅम्पलचे) निकाल आणि डॉक्टरांच्या तक्रारी प्लॅनशेजारी ठेवून बघतो. ब्लड गॅसचं मशीन वॉर्डातच आहे, ते नर्स चालवतात, तिथलं टेबल अजून अर्धवट आहे, कारण माणसांच्या रकान्यात काय लिहायचं ते आधी त्यांच्यासोबत बसून ठरवायचंय.