तुम्ही विचारलंत म्हणून: आंबेजोगाईचं कोण?

पुण्यात नवी ओळख झाली की "गाव कुठलं?" हे ठरलेलंच. आंबेजोगाई म्हटलं की समोरचा कोकणस्थ असेल तर हात जोडतो, तिथली योगेश्वरी त्याची कुलदेवी. बाकीचे तुमच्यासारखं विचारतात, "तिथलं मोठं माणूस कोण?" मी आपला प्रमोद महाजनांचं नाव सांगून मोकळा व्हायचो. एकदा काकांनी टोकलं, "अरे, वाढले इथं, पण जन्म महबूबनगरचा." मग एकेक नाव धरून बसलो आणि गंमतच झाली.

संतकवी दासोपंत घ्या. जन्म 1551 चा, नारायणपेठचा. दुष्काळात वडिलांनी सरकारी धान्य लोकांना वाटलं, सारा थकला, म्हणून बिदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवलं. शेवटी दत्तानं पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या सेवकाच्या, रूपात येऊन पैसे भरले, असं सांगतात. पुढं हिंडत हिंडत ते इथं आले आणि 1615 मध्ये इथंच गेले. त्यांचा गीतेवरचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. तो पुरा वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मला अप्रूप त्यांच्या पासोडीचं. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, आणि त्यावर अख्खं 'पंचीकरण' लिहिलेलं! पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळली, हे पोथीची पानं उलटत समजावणं अवघडच. माझा आपला अंदाज, बुवांना फळा हवा असणार.

कवी मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके 1110 चा, म्हणजे 1188. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. त्यांच्यावर विदर्भातलं आंभोराही हक्क सांगतं. सांगू दे. आमच्याकडे दरीत समाधी आहे, त्यामुळे आम्ही आवाज चढवत नाही.

स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, तेही बाहेरचेच. निजामाच्या दप्तरी गाव मोमिनाबाद होतं तेव्हा ते इथं योगेश्वरी शाळेत शिकवायचे. 1938 मध्ये शाळा सोडून हैदराबादच्या सत्याग्रहात उतरले ते उतरलेच. आज इथल्या मेडिकल कॉलेजाला त्यांचंच नाव आहे. पेशंटचे नातेवाईक मात्र नुसतं 'मेडिकल' म्हणतात.

हे सगळं आजीला सांगितलं तर ती हसली. "देवी तरी कुठं इथली?" म्हणाली. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, कोकणातून वऱ्हाड निघालं, इथवर आलं आणि मुहूर्त टळला. देवी इथंच थांबली. इथल्या हत्तीखाना लेण्यातले दगडाचे हत्ती म्हणजे तेच वऱ्हाड, परत न गेलेलं. लहानपणी त्यातल्या एकाच्या पाठीवर बसायचा हट्ट धरून मी मार खाल्ला होता.

आजी स्वतः निलंग्याची.