२४ तासांची मावशी म्हणजे २४ तास जागी मावशी नव्हे

बाबांना पॅरालिसिस झाल्यापासून आमच्याकडे ब्युरोची (पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या एजन्सीची) मावशी आहे, आणि ओळखीत कुणाचा पेशंट घरी आणायची वेळ आली की फोन मलाच येतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

ब्युरोवाले विचारतात, १२ तास की २४ तास? लोक २४ सांगतात कारण दोन शिफ्टपेक्षा ते स्वस्त पडतं. पण ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) होतात, एअर बेड असला तरी वळवणं चुकत नाही. आता दिवसभर स्पंजिंग, डायपर, भरवणं करून तीच बाई रात्री दोनला, चारला कशी उठणार, माणूसच आहे ना ती! आमच्याकडे रात्रीचं वळवणं मी आणि भाऊ वाटून घेतो. ज्यांना जमत नाही त्यांनी सरळ दोन शिफ्ट लावाव्यात, परवडत असेल तर.

आणि मावशी म्हणजे नर्स नाही हो. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, भरवायची नळी) घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, सलाईनमधून इंजेक्शन, ही एएनएम-जीएनएम म्हणजे नर्सिंगचे कोर्स झालेल्यांची कामं. "मावशी सगळं करतात" असं ब्युरोवाला म्हणाला तरी करू देऊ नका. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच आणि नंतरही अर्धा तास तरी तशीच, हे मात्र शेजारी उभं राहून दाखवा. मावशी शिकतात. आमच्या मावशींनीच एकदा हाक मारली, "ताई, टाच बघा, बोटाने दाबलं तरी लाली जात नाहीये." बेडसोरची सुरुवात अशीच असते, त्या दिवशी कळलं म्हणून जखम झाली नाही.

पैशाचं म्हणाल तर मावशीचा पगार सहसा मेडिक्लेममध्ये बसत नाही, आणि २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळणारं ५ लाखांचं आयुष्मान कार्डसुद्धा हॉस्पिटलात ॲडमिट झालात तरच. वर्षानुवर्षं घरीच झोपून असलेल्या माणसाने काय करायचं? मला याचा खरंच राग येतो.

ब्युरोचं कमिशन कापून मावशीच्या हातात किती पडतात तेही विचारा, आणि आठवड्याची सुट्टी पहिल्याच दिवशी ठरवा. सुट्टीला बदली बाई आली की तिला काही माहीत नसतं, म्हणून गोळ्यांच्या वेळा, शेवटचं कधी वळवलं, युरिन किती झाली, सगळं एका वहीत लिहून ती वही पलंगापाशीच ठेवा.