तिसाव्या रस्त्यावरचे चर्च

न्यू यॉर्कच्या पूर्वेकडील तिसाव्या रस्त्यावरील एका जुन्या चर्चच्या इमारतीत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा जो स्टुडिओ होता, त्यात १९५९ या एकाच वर्षी माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’ आणि डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ हे तीन जॅझ अल्बम ध्वनिमुद्रित झाले. त्या उंच छताच्या दालनातला घुमारा वाद्यांना मोकळा अवकाश देतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरी तो ऐकायचा तर रात्री अवजड वाहनांची वर्दळ ओसरावी लागते.

‘काइंड ऑफ ब्लू’चे काम २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच दिवसांत आटोपले. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रण करणारे टेपयंत्र किंचित संथ चालत होते, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर मूळ स्वरापेक्षा जराशा चढ्या उमटल्या आणि ही चूक १९९० च्या दशकातील आवृत्त्यांत दुरुस्त झाली. तंबोरा जुळवताना कणभर फरकही खपवून न घेणाऱ्या आपल्या मैफलींच्या श्रोत्यांना हे विशेष वाटावे.

माइल्सचाच, रॉककडे झुकलेला ‘इन अ सायलेंट वे’ही १९६९ मध्ये इथलाच. जॉन मॅक्लॉफलिनची विद्युत गिटार, हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल यांची विद्युत कळवाद्ये, आणि निर्माते टिओ मॅसेरो यांनी टेप कापून-जोडून घडवलेली रचना. मला तर तो ‘काइंड ऑफ ब्लू’हून अधिक धाडसी वाटतो. स्टुडिओ १९८१ मध्ये बंद झाला आणि पुढे ती इमारतही पाडली गेली.